भुखी कांसेतला हुंकार

आशयचा आवाज गेला, असं सगळे म्हणत होते. त्याच्या ताईला, उत्कर्षाला, ते वाक्य चुकीचं वाटत होतं. आवाज गेला नव्हता. तो दुसरीकडे होता.

निजामपुऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे भुखी कांस आहे. कांस म्हणजे पावसाचं पाणी विश्वामित्री नदीत नेऊन सोडणारा ओढा. एरवी त्यात शेवाळं आणि दुधाच्या पिशव्या असतात. या ऑगस्टमध्ये विश्वामित्री इतकी चढली की कांसेतून उलटी शहरात शिरली. पार्किंगमधल्या स्कूटर बुडाल्या. शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात मगर येऊन बसली. बडोद्यात त्याचं कोणाला फार नवल वाटत नाही. वनखात्याची माणसं आली, मगरीचं तोंड दोरीने बांधलं आणि तिला टेम्पोत घालून घेऊन गेली.

तेव्हा वीज नव्हती. तिन्हीसांजेला सात वर्षांचा आशय मागच्या गॅलरीत उभा होता आणि उत्कर्षा त्याच्याशेजारी मेणबत्ती लावत होती. आशय एकदम खाली वाकला, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हं?"

कोणीतरी हाक मारल्यावर म्हणावं तसं. उत्कर्षाला हाक ऐकू आली नव्हती. त्यानंतर आशय एक शब्दही बोलला नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले. "बधुं बराबर छे, सगळं ठीक आहे," ते आईला म्हणाले. "घाबरलाय. बोलेल आपोआप." आईने मान हलवली, पण जिना उतरताना ती खालच्या पाण्याकडे बघत राहिली. बाबा रिफायनरीत अडकले होते. रस्ते बंद होते आणि त्यांच्या जागी शिफ्टला येणारं कोणी नव्हतं.

पाणी उतरायला लागलं त्या संध्याकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "आशय, जेवायला चल!"

आशय फरशीवर बसून चित्र काढत होता. त्याचे ओठ मिटलेले होते. आणि मागच्या खिडकीतून, बाहेरून, उत्तर आलं.

"हं."

आशयचाच आवाज. जरा नाकातून येणारा, सर्दी झाल्यासारखा. आईच्या कुकरची शिट्टी चालू होती, तिला कळलं नाही. उत्कर्षाने आधी विचार केला. हा प्रतिध्वनी नाही. प्रतिध्वनी तोच शब्द परत आणतो, उत्तर देत नाही. तिने खिडकी लावून हाक मारली. काही नाही. खिडकी उघडून, अगदी पुटपुटत म्हटलं, "आशय." समोरच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं.

"हं," कांसेतून आलं.

दुसऱ्या संध्याकाळी तो आवाज रस्त्याखालच्या मोरीच्या पलीकडून आला. पाणी उतरत नदीकडे चाललं होतं आणि आवाजही त्याच्याबरोबर चालला होता. तो जितका लांब जाई, तितका आशय पातळ होत होता. दुसरा शब्द तिला सुचला नाही. आधी नाव घेतल्यावर तो निदान मान वळवायचा. आता तो स्वतःच्या पाण्याच्या बाटलीवरचं नाव बघून ती बाजूला ठेवून देत होता, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

उत्कर्षा चप्पल घालून खाली गेली. मागच्या भिंतीवर चढली. भिंतीवर आधीच दोघं बसलेली होती.

मुलगी परकर-पोलक्यात होती. मुलाच्या डोक्यावर काळी टोपी होती, तिच्याखालून कान बाहेर आलेले, आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. दोघांचे कपडे कमरेपर्यंत भिजलेले होते, पण भिंतीवर पाण्याचा एक थेंब पडत नव्हता.

"तू त्याची बहीण का गं?" मुलीने विचारलं.

"तुम्ही इथे बसू नका. मगरी आहेत."

"होत्या," मुलगा म्हणाला. "ते आलं की मगरीही थांबत नाहीत."

मुलीने तोंड वळवलं. तिच्या डाव्या भुवईत मधोमध खाच होती. उत्कर्षाने ती खाच पाहिलेली होती. दर शनिवारी आई दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी वाचनालयात पुस्तकं लावायला जायची, तेव्हा ती आणि आशय तिथे खेळायचे. भिंतीवर बडोद्याच्या जुन्या लेखकांचे फोटो होते. त्यात चष्म्यातल्या, पांढऱ्या केसांच्या एका बाईंच्या भुवईत हीच खाच होती, आणि त्यांच्याशेजारच्या गृहस्थांचे कान असेच बाहेर आलेले होते.

"राजेश्वरीबाई?" ती म्हणाली.

"बाई कोणाला म्हणतेस? अकरा वर्षांची आहे मी."

"आणि माझा फोटो? मी हंबीर," मुलगा पुढे सरकला.

"आहे. पगडी आणि मोठ्या मिशा."

"मिशा!" हंबीरने राजेश्वरीला कोपर मारलं. "सांगत होतो ना!"

"तुम्ही दोघांनी मुलांसाठी खूप पुस्तकं लिहिलीत," उत्कर्षा म्हणाली. "आई म्हणते, एके काळी इथल्या मराठी घरांत ती असायचीच."

"आम्ही अजून काही लिहिलेलं नाही," राजेश्वरी म्हणाली. "आम्ही एक गोष्ट सांगत होतो. तीही पुरी केली नाही. म्हणून तर आहोत इथे."

मग तिने सांगितलं, ते असं. ती दोघं रोज संध्याकाळी नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून गोष्ट रचायची. एक जण सांगायचा, दुसरा हुंकार द्यायचा. प्रत्येक वाक्यानंतर "हं" म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की ऐकणारा जागा आहे. हुंकार थांबला की गोष्ट थांबवायची, आणि हुंकार येतोय तोवर सांगणाऱ्याने उठायचं नाही, आणि गोष्ट संपेपर्यंत हुंकार देणाऱ्यानेही, हा नियम.

"आम्ही पण करतो," उत्कर्षा म्हणाली. "शाळेतल्या मुली त्याला होंकारो म्हणतात."

"तेच. एका राजाच्या हत्तीची सावली हरवते, अशी गोष्ट होती. हत्ती सावली शोधत नदीत उतरला, इथवर मी सांगितलं. हंबीर म्हणाला हं. आणि त्याच्यामागून पाण्यातून आणखी एक हं आलं. बुडबुडा फुटावा तसं."

"आम्ही पळालो," हंबीर म्हणाला. "तू आधी."

"तू आधी. वहाणा टाकून पळालास."

दोघं हसली नाहीत. खाली पाणी एकदा हललं, वारा नसताना.

"ते अजून वाट बघतंय," राजेश्वरी म्हणाली. "मोठा पूर आला की आम्हाला यावं लागतं. मोठी झालेली आम्ही नाही. पळून गेलेली आम्ही. पण आधीच्या पुरांत त्याच्याकडे आवाज नव्हता. ते हाक मारायचं, कोणी ओ देत नव्हतं, पाणी उतरलं की रिकामं परत जायचं. या वेळी तुझ्या भावाने ओ दिली."

"आणि पाणी नदीत गेलं की?"

"की मग त्याचा आवाजही नदीत. आणि आवाज गेल्यावर बाकीचा तरी किती उरणार आहे?"

उत्कर्षाला विचारायचे प्रश्न पुष्कळ होते. ते काय आहे, कशाचं बनलंय, श्वास घेतं का. तिने एकच विचारला. "उपाय काय?"

"गोष्ट पुरी करायची. पुरी झाली की त्याला हुंकाराची गरज नाही. भावाला घेऊन ये. आवाज सुटला तर शिरायला त्याचं तोंड जवळ हवं."

"हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"नाही. अंदाज आहे."

"म्हणजे कोणी करून बघितलेलं नाही."

"कोण करून बघणार होतं?" हंबीर चिडून म्हणाला. "तुला दुसरं काही सुचत असेल तर बोल ने!"



पुढच्या संध्याकाळी पिण्याच्या पाण्याचा टँकर आला आणि आई बादल्या घेऊन पुढच्या फाटकाशी रांगेत गेली. उत्कर्षाने आशयचा हात धरला. हात गार होता आणि त्याला जिकडे न्यावं तिकडे तो येत होता. पुराने भिंतीला पाडलेल्या खिंडारातून दोघं कांसेच्या काठावर आली. चिखलाला कुजलेल्या गवताचा वास होता. समोरच्या काठावर एक मगर जबडा उघडा टाकून पडली होती. पाण्याचा एक अरुंद पट्टाच आता मोरीतून नदीच्या दिशेने सरकत होता. तो तुटला की संपलं.

राजेश्वरी आणि हंबीर मोरीच्या कठड्यावर बसली होती. राजेश्वरीने परकर गुडघ्यांवर ओढून घेतला आणि मोठ्याने म्हटलं, "तर मग हत्ती नदीत उतरला."

समोरची मगर जबडा मिटून उठली. ती पाण्यात शिरली नाही. उलटी वळून, पोट घासत, काठावरच्या झुडपात घुसली.

"हं," पाण्यातून आशयचा आवाज आला.

वरून काहीच दिसत नव्हतं. फक्त मोरीच्या तोंडाशी पाणी वाहायचं थांबलं होतं. पट्टा हलत नव्हता.

"पाण्यात त्याला सगळ्यांच्या सावल्या दिसल्या. झाडांच्या, पक्ष्यांच्या. त्याची नव्हती."

"हं."

"मग हंबीर, तू."

"मग नदीच्या तळाशी एक दरवाजा होता," हंबीर म्हणाला, "आणि त्यावर मगरींचा पहारा."

"हं." या वेळी लवकर आलं. हावरं आलं.

गोष्ट चांगली होती. इतकी चांगली की थोडा वेळ उत्कर्षाही विसरली ती कुठे उभी आहे. हत्ती दरवाजातून गेला, सावल्यांच्या गावात पोचला, आपली सावली त्याला ओळखेना. दोघं एकमेकांच्या तोंडातून वाक्य काढून घेत होती. त्यांचे डोळे चमकत होते. प्रत्येक वाक्याला खालून हुंकार येत होता, कधी आश्चर्याचा, कधी भीतीचा, बरोबर जिथे यायला हवा तिथे.

मग राजेश्वरी म्हणाली, "आणि सावली हत्तीच्या पायाला येऊन चिकटली. दोघं घरी निघाली."

"हं."

"पण," हंबीर म्हणाला, "रस्त्यात सूर्य मावळला."

उत्कर्षा दचकली. "पण कशाला? संपली होती ना!"

"थांब गं. फार चांगलं सुचलंय." हंबीरने तिच्याकडे बघितलंही नाही. "सूर्य मावळला, आणि सावली पुन्हा..."

"हं. हं."

"सावली पुन्हा नाहीशी झाली," राजेश्वरीने उचललं. "पण आता हत्तीला तिचा आवाज ऐकू येत होता."

उत्कर्षाच्या हातातला हात ओघळला. आशय चिखलात बसला होता. त्याचे डोळे उघडे होते, पण तो कशाकडेच बघत नव्हता. माशी त्याच्या गालावर बसली, ओठापर्यंत चालत गेली, त्याने हलवली नाही. खालून "हं" आलं, आणि त्याच क्षणी त्याची छाती एकदा दबली, आतून काहीतरी ओढून घेतल्यासारखी.

प्रत्येक हुंकाराला तेच होत होतं. इतका वेळ होत असणार. तिने बघितलं नव्हतं, कारण ती गोष्ट ऐकत होती.

"थांबा!" ती ओरडली. "तुम्ही जितकं सांगताय तितका तो संपतोय!"

राजेश्वरीने मान वळवली. झोपेतून उठल्यासारखी तिने आशयकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"आम्हाला असं कोणीच कधी ऐकलं नाही," ती हळू म्हणाली. "घरी सगळे म्हणतात, पुरे. हे म्हणतच नाही."

"मग आता तुम्ही म्हणा."

दोघं गप्प बसली. पाणी वाट बघत होतं. मोरीच्या तोंडाशी ते थोडं वर आलं, फुगल्यासारखं, आणि कठड्याखाली काहीतरी घासल्याचा आवाज झाला. मग त्याला कळलं असावं. ते बसलं. अरुंद पट्टा पुन्हा सरकायला लागला, नदीकडे, आधीपेक्षा वेगाने.

"चाललं," हंबीर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला. "सांगितलं तर मुलगा जातो, नाही सांगितलं तर घेऊन जातं. राजू, काय करायचं?"

"तू 'पण' म्हणालास!"

"तू पुढे नेलंस! मी सांगत असताना तू नुसता हुंकार द्यायचा असतो, मध्ये बोलायचं नसतं. एका तोंडाने दोन्ही होत नाही, किती वेळा सांगितलंय तुला!"

उत्कर्षाने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं. एका तोंडाने दोन्ही होत नाही. सांगणारा हुंकार देत नाही. सांगायला लागलं, तर हुंकार सोडावा लागतो.

ती चिखलात पुढे गेली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पाणी गार नव्हतं. अंगाइतकं कोमट होतं.

"ऐक," ती म्हणाली. "यांची झाली. आता तुझी पाळी. आता तू सांग."

पट्टा थांबला.

मोरीच्या आत, जिथे उजेड पोचत नव्हता, तिथे पाणी हळूहळू मागे वळलं. उत्कर्षाच्या पिंडऱ्यांना काहीतरी लागून गेलं, लांब, आणि संपेपर्यंत बराच वेळ गेला. तिने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर पळाली असती.

मग ते सांगू लागलं.

तो आवाज कोणाचाच नव्हता. दगडावर दगड घसरावा, चिखलातून मूळ उपटावं, असं काहीतरी. त्यात शब्द नव्हते, तरी एक वाक्य संपून दुसरं सुरू होण्याआधी ते थांबलं, हे स्पष्ट कळलं. थांबून ते वाट बघू लागलं.

कोणीतरी "हं" म्हणायला हवं होतं.

तिच्यामागे आशयने श्वास घेतला. खोल, मोठा, बुडून वर आलेल्या माणसासारखा. तिने वळून पाहिलं. त्याचे ओठ उघडत होते.

ती चिखलातून जवळजवळ पडत धावली आणि तिने त्याच्या तोंडावर तळहात दाबला. त्याच क्षणी कठड्यावरून राजेश्वरी म्हणाली, "हं."

पाण्याने पुढचं वाक्य सुरू केलं.

"त्याला बोलू देऊ नकोस," हंबीर कुजबुजला. "इथे बोलला, तर हुंकार दिला असं होईल. आणि हुंकार देणाऱ्याला गोष्ट संपेपर्यंत उठता येत नाही."

"आणि तुम्ही?"

"एकदा उठलो होतो ना मध्येच," राजेश्वरी म्हणाली. ती घाबरलेली होती, पण तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. "आता बसतो. जा तू. हं."

"किती मोठी आहे याची गोष्ट?"

हंबीरने खांदे उडवले. "नदीएवढी असेल. जा! हं."

उत्कर्षाने आशयला उचललं. तो जड होता, काल नव्हता इतका जड. एक हात त्याच्या पाठीखाली, दुसरा तोंडावर. आवाज परत आलाय की नाही, हे तिला माहीत नव्हतं. बघायचं असेल तर फक्त एकदा नाव घ्यायचं होतं. आयुष्यात तिने एखादी गोष्ट न तपासता सोडली नव्हती. खिंडार ओलांडताना नाव तिच्या जिभेवर आलं, पार्किंगच्या चिखलात आलं, जिन्यातही आलं. मागून दगड घासल्याचा आवाज अजून येत होता. तिने दात घट्ट मिटून ठेवले.

घराचं दार उघडंच होतं. आई परत आली होती. भरलेल्या बादल्या ओट्याखाली ढकलत तिने पाठमोरीच हाक मारली. गेले इतके दिवस उत्तर येत नसूनही ती रोज मारायची तशी.

"आशय, पाय धुतलेस का रे?"

उत्कर्षाचा हात घामाने घसरला.

"नाही," आशय म्हणाला. "ताईने तोंड दाबलंय."

आईच्या हातातून बादली निसटली. पाणी स्वयंपाकघरभर झालं. तिने त्याला छातीशी धरलं आणि ती काय बोलत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. मग तिने बाबांना फोन लावला, फोनवर रडली, हसली, आणि आशयला म्हणाली, "बोल, बाबांशी बोल." आशय बोलला. त्याला भूक लागली होती. त्याला बटाटेवडे हवे होते.

उत्कर्षा मागच्या खिडकीशी गेली. अजून थोडा उजेड होता. कांसेतून, आता बऱ्याच लांबून, दोन हुंकार ऐकू येत होते. एक मुलीचा, एक मुलाचा. पाळीपाळीने. ते नदीच्या दिशेने चालले होते. ती ऐकत राहिली, तेव्हा मध्येच सलग बराच वेळ फक्त मुलाचाच आला. मग पुन्हा मुलीचा. ती थकली असेल. किंवा आळीपाळीने झोपत असतील. मोठं होऊन त्या दोघांना पुस्तकं लिहायची होती. ती कधी लिहिणार, हे उत्कर्षाने विचारलंच नव्हतं.

"खिडकी लाव गं, डास येतात," आई तेल तापवत म्हणाली.

आशय येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. त्याने डोकं एका बाजूला कलतं केलं.

"ताई, ते काय सांगतंय?"

"काही नाही. पाणी आहे."

"नाही. गोष्ट आहे." त्याचे डोळे खिडकीबाहेर, मोरीच्या दिशेला लागले होते. "छान आहे. त्याच्यात एक..."

बाहेर वाक्य संपलं. पाणी थांबलं. आशयने श्वास घेतला.

उत्कर्षाने खिडकी आपटून लावली, त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, आणि आयुष्यात कधी गोष्ट रचली नसताना, पुढचं वाक्य काय असेल हे ठाऊक नसताना, भराभर म्हणाली, "एक होती मगर. ती जिन्यात राहायची. तिला टेम्पोत बसायचं होतं."

आशयचे डोळे क्षणभर खिडकीवरच राहिले. मग ते तिच्यावर आले.

"हं," तो म्हणाला.